बटण एकदाच दाबलं होतं

माझ्या बाबांचा हात कापतो, हे त्यांना पहिल्यांदा मी सांगितलं. डॉक्टरनं नाही, आईनं नाही, मी. आणि तेही पाहुण्यांसमोर, टीव्हीवर मॅच चालू असताना, आवाज चढवून. त्या वाक्यासाठी मी अजून स्वतःवर दातओठ खाते. पण आधी ज्यांच्यावर खाल्ले त्यांचं सांगते, कारण माझ्या रागाची यादी लांब आहे आणि माझं नाव तिच्यात सगळ्यात शेवटी आलं.

मी आमच्या गावाच्या औद्योगिक भागात, रिछाईच्या एका कारखान्यात कामाला आहे. केबलवाल्यांना लागणारे सेट-टॉप बॉक्स आम्ही बनवतो. नातेवाइकांना वाटतं मी टीव्ही दुरुस्त करते. कुणाच्या लग्नात गेलं की हातात ताट येण्याआधी आपल्या रिमोटचं रडगाणं घेऊन एखादी मावशी उभी. मी टीव्ही दुरुस्त करत नाही. मी ड्रायव्हर लिहिते. म्हणजे असं, की रिमोटचं बटण दाबलं की त्याच्या तोंडातून डोळ्याला न दिसणारा उजेड लुकलुकतो. डब्याच्या काळ्या काचेमागं तीन पायांचा एवढासा रिसीव्हर असतो, तो ही लुकलुक पकडतो. किती वेळ उजेड होता, किती वेळ अंधार, एवढंच त्याला कळतं. त्या उजेड-अंधारातून 'पाच नंबरचं बटण' असा अर्थ काढायचा आणि वर बसलेल्या अ‍ॅपच्या हातात द्यायचा, हे माझ्या ड्रायव्हरचं काम. तो कर्नलमध्ये राहतो. कर्नल म्हणजे डब्याच्या आतला कारभारी, त्याला विचारल्याशिवाय अ‍ॅपनं यंत्राला बोट लावायचं नाही. अ‍ॅपनं काय मागायचं आणि ड्रायव्हरनं कोणत्या रूपात द्यायचं, याचा जो करार, तो इंटरफेस. आमच्या डब्यातल्या रिमोटचा हा करार माझ्या हातचा.

करार मी छोटा ठेवला होता. रिमोटकडून एक संदेश आला की एक आकडा वर द्यायचा, एका बाइटमध्ये. बस. बटण धरून ठेवलं की रिमोट तोच संदेश सेकंदाला आठ-नऊ वेळा पाठवत राहतो, तर आकडाही तेवढ्या वेळा वर जाईल. आकडे एकामागं एक पटापट आले तर माणसानं बटण धरून ठेवलंय, मध्ये खंड पडला तर नव्यानं दाबलंय. हे अ‍ॅपनं ओळखावं. इतकं साफ, इतकं सुटसुटीत काम त्या कारखान्यात कुणी केलं नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं. खोटं काहून बोलू, मी त्या करारावर फिदा होते.

आणि मग त्या आल्या. पुण्याच्या. नवऱ्याची बदली इथल्या छावणीत झाली म्हणून आल्या आणि मालकांनी त्यांना थेट माझ्या डोक्यावर नेऊन बसवलं. मी लिहायचं आणि त्यांनी तपासायचं. पहिल्याच दिवशी मी 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं, तर मॅडम हसल्या. "काहून म्हणजे?" वा रे वा. आमचे आजोबा विदर्भातून इथं आले, तीन पिढ्या चारी बाजूंनी हिंदीच्या वेढ्यात आम्ही घरात मराठी बोलत राहिलो, आणि ही बाई मला विचारते काहून म्हणजे काय. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर 'काहून' दिवसातून पन्नास वेळा म्हणायला लागले. गरज नसली तरी.

मॅडमना माझा कोड कागदावर छापून, लाल बॉलपेननं तपासायची सवय होती. माझा करार परत आला तेव्हा त्यावर एकाच जागी लाल गोल होता. झालं असं होतं, की आमच्या रिमोटच्या संदेशात आकड्यासोबत आणखी एक बिट येतो, टॉगल. बटण नव्यानं दाबलं की तो उलटतो, शून्याचा एक होतो नाहीतर एकाचा शून्य. बटण नुसतं धरून ठेवलं तर आहे तसाच राहतो. मी तो बिट वाचून फेकून देत होते. वर फक्त आकडा.

"हा का फेकलास?" मॅडम म्हणाल्या.

"वर दिला तर पाच नंबरचं बटण एकदा पाच दिसेल आणि पुढच्या वेळी, त्या बिटचे एकशे अठ्ठावीस जोडून, एकशे तेहेतीस. अ‍ॅपवाल्यांचं डोकं फिरेल."

"मग एका बाइटच्या जागी दोन दे. एकात आकडा, एकात टॉगल."

"काहून? खंड पडला की नवं दाबणं. त्यांना वेळेवरून कळते."

"आणि मधलेच दोन-तीन संदेश गळाले तर? माणसानं बटण धरूनच ठेवलंय, पण अ‍ॅपला वाटणार परत दाबलं. खरं काय झालं ते सांगणारी एकच गोष्ट तुझ्या हातात येते आणि तू ती फेकून देतेस."

"काहून गळतील? माणूस डब्यासमोर बसून दाबते."

"घरात बसून दाबतो," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या टेबलावर नाही."

यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. आवाज बाहेर सोल्डरिंगच्या टेबलांपर्यंत गेला. आम्ही मराठीत भांडत होतो, म्हणजे कुणाला कळू नये म्हणून, आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. शेवटी मालक आले. "अरे दीदी लोग, झगड़ा बाद में. माल कब जाएगा, ये बताओ." माझं तयार होतं. मॅडमचं म्हणणं ऐकायचं तर तीन आठवडे आणखी. झालं, माझंच गेलं. मी जिंकले. मॅडमनी कागदाची घडी घातली आणि एवढंच म्हणाल्या, "एकदा बाहेर गेलं की बदलता येणार नाही हं." हे मलाही माहीत होतं. त्या आकड्यावर भरवसा ठेवून दुसऱ्या शहरांतली माणसं आपली अ‍ॅप लिहितात. उद्या तुम्ही आकड्याचं रूप बदललं की घराघरांतले डबे एका दिवसात वेडे होतात. कर्नलवाल्यांच्यात याहून मोठं पाप नाही. मला माहीत होतं आणि मी गुर्मीत होते.

आता बाबा.

बाबा इथल्या सरकारी कारखान्यात टूलरूमला फिटर होते. टूलरूम म्हणजे जिथं बाकीची यंत्रं ज्यांनी मोजायची ती मापं बनतात. त्यांच्या हाताचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले, त्यातलं बरंचसं त्यांच्याच तोंडून. त्यांचा स्वतःचा एक मायक्रोमीटर होता, आत निळं मखमल लावलेल्या डबीत. मी शाळेत होते तेव्हा माझ्या वेणीतला एक केस ओढून ते मायक्रोमीटरच्या दोन दातांमध्ये धरायचे आणि त्याची जाडी सांगायचे. केस नीट धरणं हे त्यातलं खरं कसब. जरा बोट हललं की तो सटकतो. बाबांचा कधी सटकला नाही. मला केस ओढल्याचा राग यायचा आणि जाडी ऐकायचीही असायची.

रिटायर झाल्यावरही ते आठवड्यातून दोनदा बसनं जवळच्या पाटन गावाला जात. तिथं एक लेथवाला थ्रेशरचे भाग बनवतो, त्याची मशीन बाबा लावून द्यायचे. बस थांबली की लेथवाला त्यांची पिशवी घ्यायला धावायचा, हे बाबा घरी येऊन प्रत्येक वेळी सांगत. त्यांच्या म्हातारपणाचा सगळा भार त्या दोन दिवसांवर उभा होता. आम्हा दोघांचं कधी पटलं नाही, पण एवढं मला कळत होतं.

डबा घरी आणला तो मीच. मिरवायला. आईनं लगेच त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घातलं. आईचं क्रोशाचं काम आमच्या घरात टीव्हीवर आहे, फ्रिजवर आहे, पाण्याच्या फिल्टरवर आहे. मी कुठं नीट बसले नाही तर माझ्यावरही येईल. कव्हराची लेस डब्याच्या तोंडावर चार बोटं लोंबत होती. रिमोट ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आला त्याच पिशवीत राहिला, वरून रबर लावून. आमच्याकडं नवीन रिमोटचं प्लास्टिक कुणी काढत नाही. ते पिवळं पडतं, त्यावर हळदीची बोटं उठतात, आकडे दिसेनासे होतात, तरी नाही. हिवाळाभर डबा छान चालला.

उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसला आणि बाबांची कुरकुर सुरू झाली.

"तुझा डबा खराब आहे. एकदा दाबलं का दोनदा घेऊन राहिला."

मी रिमोट घेतला, पाचचं बटण टिचकी मारल्यासारखं दाबलं. पाच आला. "पहा."

त्यांनी दाबलं. पंचावन्न.

"आई, तू दाब." आईनं पीठ लागलेल्या बोटानं टक्कन दाबलं. पाच.

हे रोज चाललं. रोज. मी रिछाईहून डोकं फिरवून घेऊन यावं आणि चपला काढायच्या आत बाबांनी म्हणावं, "आज पुन्हा केलं तुझ्या डब्यानं." तुझ्या डब्यानं, तुझ्या डब्यानं, कान किटले माझे. मी विचार केला, इंजिनिअरनं करावा तसा. डबा तोच. रिमोट तोच. आई दाबते तर बरोबर, मी दाबते तर बरोबर. बदलतो तो फक्त दाबणारा. मग चूक कुठं आहे? त्यांचं वय सत्तरीच्या पुढं होतं. उत्तर तयारच होतं, बोलायचं बाकी होतं.

मॅचच्या दिवशी दुपारी बाबांचे टूलरूमचे तीन जुने मित्र आले होते. जाहिराती लागल्या म्हणून बाबांनी चॅनेल बदललं, परत मॅचवर यायला गेले तर डबा दोन घरं पुढं. उलट आणायला गेले तर तिकडंही एक घर जास्त. एक मित्र हसत म्हणाला, "क्या यार, बुढ़ा गए?" आणि बाबा म्हणाले, "हम नहीं. लड़की का डिब्बा है. खराब बनाया है."

चार माणसांसमोर माझं काम खराब! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होते, तो तसाच फ्रिजवर आदळला. म्हटलं, "डबा ठीक आहे बाबा. तुमचा हात कापून राहिला. एकदा दाबायचं तिथं तुम्ही दोनदा दाबता आणि नाव माझ्या डब्याचं घेता." हिंदीतही सांगितलं, म्हणजे मित्रांना नीट कळावं. "हाथ काँपता है इनका."

 बाबांनी रिमोट मित्राकडं दिला. "तू लगा." त्यानं टक्कन दाबलं आणि मॅच लागली.

त्यानंतर बाबांनी रिमोटला हात लावला नाही. भांडलेही नाहीत. भांडले असते तर मला कळलं असतं काय करायचं. घरी स्वतः दाढी करणारा माणूस चौकातल्या न्हाव्याकडं जायला लागला. चहा कपात नको म्हणाले, स्टीलच्या गिलासात अर्धाच घ्यायला लागले. बसले की उजवा हात डाव्याखाली झाकून ठेवायचे. आणि पाटनला जाणं बंद. आईनं विचारलं तर म्हणाले, "लेथवर हात थरथरला तर बोट जाईल. काहून त्या बिचाऱ्याच्या डोक्याला ताप?" पंधरा दिवसांनी शेवटचे पाटनला गेले ते मायक्रोमीटर लेथवाल्याला देऊन आले.

हे सगळं मी पाहिलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगते, त्याच्या आधी मनात आलं ते असं, की पहा, होतंच मी म्हटलं तसं. मी बरोबर निघाले याचं मला बरं वाटलं. माझा बाप उजवा हात लपवून बसलाय आणि मला बरं वाटलं. थू.

मग आमचे डबे घेणाऱ्या, सिहोरा गावच्या केबलवाल्याचा फोन आला. मागून आणखी दोघातिघांचे. बटण एकदा दाबलं की दोनदा घेतं, लोक डबे परत आणून राहिले. मालकांनी मला आणि मॅडमना समोर बसवलं. मी म्हटलं, "सर, शिकायत करने वाले सब बुज़ुर्ग हैं. हाथ काँपते हैं."

"सगळ्यांचे?" मॅडम म्हणाल्या.

"माझ्याच घरी आहे एक," मी म्हटलं. बापाचा पुरावा म्हणून उपयोग केला मी.

"मग रविवारी येते. बघू," मॅडम म्हणाल्या. मी पत्ता सांगितला.

रविवारी दुपारी त्या खरंच आल्या. बाहेर नुसता उकाडा, पावसाचा पत्ता नव्हता, कूलर घरघरत होता. आईनं पोहे केले, मॅडमनी दोनदा घेतले, याचाही मला राग आला. त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि डब्यात असतात तसेच तीन पायांचे दोन रिसीव्हर, लांब वायरी लावलेले. एक बाबांच्या समोर तिपाईवर ठेवला. दुसरा डब्याला चिकटून, आईच्या लेसच्या मागं. बाबांना म्हणाल्या, "काका, पाचचं बटण दाबा. नेहमी दाबता तसं."

"माझा हात कापतो," बाबा म्हणाले. हात डाव्याखाली झाकलेला.

"असू दे. दाबा."

बाबा माझ्याकडं पाहत नव्हते. त्यांनी रिमोट उचलला, अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला. दाबून धरला, चांगला सेकंदभर. कारखान्यातली सवय. त्यांच्या मशीनचं बटण दाबून सोडून द्यायचं नसे, मशीन घेईपर्यंत धरून ठेवायचं. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक बटण असंच दाबलं, लिफ्टचं, डोअरबेलचं, मिक्सरचं. टीव्हीवर पंचावन्न आला.

लॅपटॉपवर दोन ओळी उमटल्या होत्या. वरची तिपाईवरच्या रिसीव्हरची. तिच्यात नऊ संदेश होते, एकामागं एक, सारख्या अंतरावर, कुठं खंड नाही. खालची लेसमागच्या रिसीव्हरची. तिच्यात चार संदेश, मग रिकामी जागा, मग तीन. मॅडमनी बोट दाखवलं नाही, नुसत्या डब्याकडं पाहिलं. कूलरच्या वाऱ्यानं लेस काळ्या काचेसमोर वरखाली उडत होती. पिवळ्या प्लास्टिकमधून आधीच अर्धमेला होऊन आलेला उजेड ती मधूनच अडवत होती. आई आणि मी टिचकी मारायचो, एक-दोन संदेश गेले की काम झालं. बाबा धरून ठेवायचे म्हणून त्यांचा संदेश लेसनं मधेच तोडला. आणि तुटला तर अ‍ॅपला वाटलं परत दाबलं. मी तो टॉगल फेकला नसता तर वाटलं नसतं. नऊच्या नऊ संदेशांत तो एकच होता. एकदाही उलटला नव्हता.

मी हे सगळं त्या दोन ओळींवरून वाचलं, आणि मॅडमनी वाचलेलं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं आता ही बाई मला माझ्या घरात, माझ्या आईचे पोहे खाऊन, सुनावणार. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. बाबांकडं वळल्या.

"काका, तुम्ही एकदाच दाबलंत. अंगठा एकदाही उचलला गेला नाही."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले.

"मग बोलला नाहीत?"

"बोललो की. डबा खराब आहे म्हणालो. ही म्हणाली हात खराब. ही इंजिनिअर. मला वाटलं मशीनला कळत असेल, मला कळून नाही राहिलं."

आई उठून लेस ओढायला गेली. "काढून टाकते मेलं हे." मॅडम म्हणाल्या, "राहू द्या काकू. घरात लेस असायचीच. आम्हीच ती गृहीत धरून डबा करायला हवा होता." आम्ही म्हणाल्या. 'हिनं' नाही म्हणाल्या. त्यांनी हिनं म्हटलं असतं तर मला परवडलं असतं.

त्या गेल्यावर आई भांडी उचलायला आत गेली. बाबा तसेच बसले होते, रिमोट हातात.

"एक सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी तू माझा हात पाहिला होता? कापताना?"

मी आठवून पाहिलं. टीव्हीच्या कोपऱ्यातला आकडा मला आठवत होता. ट्रे आठवत होता, मित्राचं हसणं आठवत होतं. हात आठवत नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"मग काहून म्हटलं?"

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी रिमोट टीव्हीवर नेऊन ठेवला आणि आतल्या खोलीत गेले. दार लावलं. लोटलं नाही, लावलं.

मी काय केलं, तर कामाला लागले. हेच येतं मला. जुना करार तसाच ठेवला, तो आता जन्मभर तसाच राहणार, फेकता येत नाही. त्याच्या शेजारी नवा लिहिला, दोन बाइटचा, टॉगलसकट. अ‍ॅपवाल्यांशी भांडून भांडून त्यांना नव्याकडं वळवलं. मॅडमनी लाल पेननं तपासलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'हा बिट का हवा, कारण लिही.' मी लिहिलं, 'बटण एकदाच दाबलेलं असू शकतं.'  आमची मैत्री वगैरे झाली नाही, जेवणाचे डबे अजून आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर खातो. काम पुरं व्हायला पावसाळा गेला. मला वाटत होतं मी चूक दुरुस्त करून राहिले. त्या सगळ्या महिन्यांत बाबा घरी बसून होते, चांगला हात घेऊन, आणि पाटनला जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दिवाळीच्या जरा आधी मीच पाटनची बस धरली. लेथवाल्यानं दुकानात खुर्ची पुसून दिली. बाबांचं विचारलं. मी मायक्रोमीटरचं नाव काढलं तर त्यानं लगेच कपाटातून डबी काढली. वापरलासुद्धा नव्हता. म्हणाला, "हमने तो बाबूजी से कहा था, हमको तो नहीं दिखता कि हाथ काँपता है. बोले, बेटी इंजीनियर है, उसने बताया है." मग म्हणाला, "चाय लेंगी दीदी?" चहा नको म्हणून मी निघाले.

घरी येऊन डबी बाबांसमोर ठेवली. मला वाटलं फेकून मारतील, पण त्यांनी उघडली. मखमलावरून बोट फिरवलं, मायक्रोमीटर काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, दात बंद करून शून्य पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं आणि म्हणाले, "केस दे."

मी डोक्यातला एक केस उपटला. पांढरा निघाला. दिला.

बाबांनी डाव्या हातात मायक्रोमीटर धरला आणि उजव्या हाताच्या चिमटीतला केस दोन दातांमध्ये न्यायला गेले. केस बाजूनं गेला. परत नेला, परत गेला. या वेळी मी टीव्हीकडं पाहत नव्हते. मी हाताकडंच पाहत होते, म्हणून मला दिसलं. अंगठा आणि तर्जनी, दोन्ही, थोडंसं, पण थांबत नव्हतं. लेथवाल्यानं पाहिला नव्हता, त्या रविवारी दोन ओळींमध्ये नव्हता, तो कंप आता खराच आला होता. तिसऱ्यांदा केस मांडीवर पडला. त्यांनी मायक्रोमीटर मखमलात ठेवला, डबी बंद केली आणि हात माझ्या तोंडासमोर धरला.

"आता म्हण," बाबा म्हणाले.

 मी त्यांच्या मांडीवरचा केस उचलला आणि तशीच बसून राहिले.